मांडीवरून सीटवर

ग्वाल्हेरचे माधवराव महाराज शिंदे यंत्रांचे मोठे शौकीन. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक परीक्षा झाली. घाट चढत-उतरत ६२० मैलांच्या त्या वाटेवर गाड्यांचा कस लागला आणि रोल्स-रॉइसची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट त्यात अव्वल ठरली. पुढे हीच गाडी माधवराव महाराजांनी विकत घेतली. इंजिन ओढेल का, घाटात ब्रेक लागतील का, टायर टिकेल का, या सगळ्याची काळजी त्या गाडीत घेतलेली होती. आत बसलेल्या माणसाला धरून ठेवणारी एकही गोष्ट मात्र तिच्यात नव्हती. तेव्हाच्या मोटारींत ती सहसा नसायचीच.

मोटार ग्वाल्हेरला नवी नाही, हे मुद्दाम सांगतो. स्वातंत्र्याच्या वेळी खुद्द दिल्लीत बस चालवणारी कंपनी ग्वाल्हेरच्या नावाची होती. ती म्हणजे ग्वालियर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी. मे १९४८ मध्ये सरकारने तिचा कारभार हाती घेतला आणि त्यातूनच दिल्लीची आजची सरकारी बससेवा उभी राहिली. ठाण्या-भिवंडीकडची जुनी माणसे ज्याला ‘आग्रा रोड’ म्हणतात, तोच रस्ता नाशिक, धुळे, इंदूर, गुना, शिवपुरी करत ग्वाल्हेरात शिरतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या याच वाटेने कुलदैवताला, लग्नाला, मुंजीला दक्षिणेकडे जात आली. आधी बैलगाडीने, मग रेल्वेने आणि आता बहुतेक जण स्वतःच्या गाडीने. त्या गाडीच्या मागच्या सीटवर आजी बसलेली असते आणि आजीच्या मांडीवर नातू.

सीटबेल्टची कुळकथा मला या मांडीपाशी आणून सोडते. पट्टा आधी उडणाऱ्या माणसाला मिळाला, मग गाडी हाकणाऱ्याला, मग त्याच्या शेजारच्याला, मग मागे बसलेल्याला. मुलाचा नंबर आपल्याकडे सगळ्यांत शेवटी लागला आणि अजूनही तो पुरता लागलेला नाही.

पट्ट्याचे जुने कागद चाळले तर १८८५ सालचे एक अमेरिकी पेटंट सापडते. एडवर्ड क्लॅघॉर्न नावाच्या न्यू यॉर्ककराने ते घेतले होते. पण तो पट्टा मोटारीचा नव्हताच, मोटार तेव्हा जेमतेम जन्माला येत होती. उंचावर काम करणाऱ्या माणसाला आकड्याने कशाला तरी अडकवून ठेवायचे, एवढाच त्याचा हेतू. खरी गरज भासली ती विमानात. १९१० मध्ये अमेरिकी लष्करातला बेंजामिन फूलवा हा अधिकारी राइट बंधूंचे विमान चालवायला शिकत होता. उघड्या बैठकीवरून आपण बाहेर फेकले जाऊ, ही त्याची धास्ती. त्याने घोडदळाच्या खोगिरे शिवणाऱ्या कारागिराकडून चामड्याचा पट्टा करून घेतला आणि स्वतःला बैठकीला बांधून घेतले. विमानातल्या पट्ट्याची सुरुवात अशी खोगिराच्या दुकानातून झाली.

पुढची चाळीस वर्षे पट्टा ही वैमानिकाचीच वस्तू राहिली. मोटारवाल्यांची समजूत उलटी होती. अपघात झाला तर गाडीतून बाहेर फेकले जाणेच बरे, असे अनेकांना मनापासून वाटे. ही समजूत मोडून काढण्यात जॉन स्टॅप या लष्करी डॉक्टरचा मोठा वाटा आहे. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात हा माणूस रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर बसला, ताशी ६३२ मैलांपर्यंत पोचला आणि १.४ सेकंदांत थांबला. त्याच्या शरीराने गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पटींहून जास्त जोर सोसला. डोळ्यांत रक्त साकळले, काही काळ दिसेनासे झाले, पण तो जगला आणि पुन्हा कामाला लागला. तो जगला, कारण त्याचे शरीर बैठकीला घट्ट बांधलेले होते. माणूस धक्क्याने मरतो त्याहून जास्त तो धडकल्याने मरतो, हे त्याने स्वतःच्या देहावर दाखवले. आपले वैमानिक विमानांपेक्षा मोटारींत जास्त मरतात, हे लष्कराच्या ध्यानात आले होते. मोटारींत पट्टे हवेत म्हणून स्टॅपने पुढे आयुष्यभर आग्रह धरला.

आज आपण लावतो तो पट्टा स्वीडनचा. नील्स बोलिन हा साब कंपनीत लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत असे. १९५८ मध्ये व्होल्वोने त्याला बोलावून घेतले. तोवर काही गाड्यांत कमरेचा नुसता आडवा पट्टा असायचा आणि त्याचे बकल नेमके पोटावर यायचे. गाडी आदळली की बकल पोटात घुसे आणि छाती-डोके पुढे जाऊन आपटे. बोलिनने केलेला बदल ऐकायला साधा वाटतो. त्याने एकच सलग पट्टा घेतला. तो खांद्यावरून तिरपा छातीवर येतो, कमरेच्या बाजूला एका जिभेतून वळतो आणि मग आडवा कमरेवर जातो. तीन जागी तो गाडीला पक्का धरलेला असतो आणि बकल पोटावर न येता बाजूला, खाली असते. जोर पडतो तो बरगड्यांचा पिंजरा आणि ओटीपोटाची हाडे यांवर, म्हणजे शरीरातल्या दणकट भागांवर. आणि हे सगळे एका हाताने लावता येते. बोलिनच्या लेखी ही शेवटची गोष्ट फार मोलाची होती, कारण लावायला त्रास होणारा पट्टा मोटारीतला माणूस लावणार नाही, हे त्याने ओळखले होते. १३ ऑगस्ट १९५९ रोजी असा पट्टा बसवलेली पहिली व्होल्वो स्वीडनमधल्या क्रिस्तियानस्टाडच्या विक्रेत्याकडे पोचली. पेटंट कंपनीच्या हातात होते, तरी तिने ते सगळ्यांना खुले केले. ज्याला हवा त्याने हा पट्टा बनवावा. मोटारींच्या धंद्यात इतका मनाचा मोठेपणा क्वचित दिसतो.

पट्ट्याला लवकरच आपोआप गुंडाळणारे रीळ आले. त्याची गंमत आपल्या गाडीतही पाहता येते. पट्टा हळू ओढा, तो हवा तेवढा येतो. झटका द्या, जागीच अडतो. आत एक दातेरी चक्र असते आणि झटका बसताच एक खटका त्या दात्यांत अडकतो. गाडी जोरात थांबली तरी हेच होते, कारण रिळाजवळची छोटी गोळी किंवा लोलक पुढे कलतो आणि खटका वर उचलतो. वीज लागत नाही, बटण लागत नाही. ‘पट्ट्यात हालचाल करता येत नाही’ असे सांगणाऱ्यांनी एकदा हा पट्टा हळू ओढून बघावा, इतकीच माझी विनंती आहे.

कायद्यांचा भाग झटपट सांगून टाकतो. गाडीतल्या माणसांनी पट्टा लावलाच पाहिजे, असे म्हणणारा पहिला कायदा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा, डिसेंबर १९७० चा. स्वीडनने पुढच्या सीटसाठी १९७५ मध्ये सक्ती केली, ब्रिटनने ३१ जानेवारी १९८३ पासून. ब्रिटनमध्ये मागे बसलेल्या मोठ्या माणसांना पट्टा लागू व्हायला १९९१ उजाडले. अमेरिकेत मोठ्यांवर सक्ती करणारे पहिले राज्य न्यू यॉर्क, १९८४ च्या डिसेंबरात. गंमत अशी की अमेरिकेत मुलांचा कायदा त्याच्याही आधी झाला होता. ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

मुलांची गाडीतली खुर्ची आजच्या पट्ट्यापेक्षा जुनी आहे, पण ती मुलाच्या जिवासाठी केलेली नव्हती. १९३० च्या दशकात अमेरिकेत मिळणाऱ्या खुर्च्या मुलाला उंच बसवत. त्याला खिडकीबाहेर दिसावे, त्याने गाडीत इकडेतिकडे फिरू नये आणि आईबापांना ते डोळ्यांसमोर राहावे, म्हणून. आदळल्यावर ती खुर्चीच मुलासकट उडाली असती. सुरक्षेचा विचार करून बनवलेली खुर्ची १९६० च्या दशकात आली. १९६२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी इंग्रजी वाय अक्षरासारख्या पट्ट्यांची, मागे तोंड करून बसवायची खुर्ची केली. त्याच सुमारास अमेरिकेत डेन्व्हरच्या लेनर्ड रिव्हकिन यांनी धातूच्या चौकटीची खुर्ची केली. स्वीडनमध्ये बर्टिल अल्डमान या डॉक्टरने १९६४ मध्ये मागे तोंड असलेल्या खुर्चीचा नमुना पुढे आणला. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर झेलत. तेच तत्त्व त्याने बाळाला लावले.

मागे तोंड कशाला, असा प्रश्न आपल्याकडे सगळेच विचारतात. बाळाला रस्ता दिसायला नको का? उत्तर बाळाच्या शरीरात आहे. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते, मानेचे मणके अजून पुरते हाड झालेले नसतात, काही भाग कूर्चेचाच असतो. गाडी समोरून आदळली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्याने धरून ठेवले जाते आणि जड डोके पुढे झेपावते. सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. तेच मूल मागे तोंड करून बसले असेल तर डोके, मान, पाठ एकदमच खुर्चीच्या पाठीत रुततात आणि जोर सबंध पाठीवर पसरतो. युरोपच्या नव्या नियमात पंधरा महिन्यांपुढे जाईपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसते. स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत तसेच बसवा असा सल्ला देतात.

आता अमेरिकेतल्या त्या मुलांच्या कायद्याकडे, म्हणजे टेनेसीकडे. तिथल्या रदरफर्ड काउंटीत रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. सार्वजनिक आरोग्याचे काम करणारा, लसीकरणासाठी झटणारा माणूस. मुलांना देवी-गोवरापासून वाचवायचे आणि मग ती गाडीत मेलेली पाहायची, हे त्यांना सहन होईना. लस सक्तीची असू शकते तर खुर्ची का नको, असा त्यांचा सरळ हिशोब. ते आणि त्यांच्या पत्नी वर्षानुवर्षे आमदारांच्या मागे लागले. १९७७ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून टेनेसी हे मुलांसाठी खुर्ची सक्तीची करणारे अमेरिकेतले पहिले राज्य ठरले. पण मंजुरी मिळवताना त्यात एक पळवाट घुसली होती. मोठ्या माणसाने मुलाला हातांत धरले असेल तर खुर्ची नसली तरी चालेल. आमदारांना ती मायेची वाटली असणार. आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा कोणती? सँडर्सनी त्या कलमाला ‘मुले चिरडणारी दुरुस्ती’ म्हणायला सुरुवात केली आणि ती रद्द होईपर्यंत म्हणत राहिले. १९८१ मध्ये ती पळवाट गेली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मुलांचा कायदा झाला होता.

टेनेसीच्या कायद्यातली ती पळवाट ग्वाल्हेरात कुठल्याही कागदावर लिहिलेली नाही, पण घरोघरी पाळली जाते. प्रसूतीनंतर दवाखान्यातून घरी निघताना बाळाला दुपट्यात गुंडाळून पहिल्यांदा गाडीत घेते ती आजी किंवा आत्या. लगीनसराईत दौलतगंजातून झाशी रोडवरच्या मंगल कार्यालयात जाताना मागे चौघे आणि मांडीवर दोघे. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर काकाच्या पुढ्यात उभे राहून काचेवर हात ठेवलेले मूल तर रोज दिसते. ‘अहो, घट्ट धरलंय मी,’ असे म्हणणाऱ्या आजीच्या मायेत कणभरही खोट नाही. हिशोब मात्र असा आहे.

गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललेली आहे. ती कशाला तरी आदळते आणि तिचा पुढचा भाग चेपत चेपत साधारण ६० सेंटिमीटरांत ती थांबते. याला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. तेवढ्यात दहा किलोच्या बाळाला जागेवर धरून ठेवायला सरासरी १६० किलो वजनाएवढा जोर लागतो, म्हणजे तांदळाच्या तीन पोत्यांहून जास्त. हे वजन सावकाश उचलायचे नसते, ते डोळ्याचे पाते लवायच्या आत हातांत येऊन पडते. पहिलवानाचेही हात उघडतात. आजीने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तिचे सबंध शरीर बाळाच्या मागोमाग पुढे जाते आणि बाळ तिच्या व पुढच्या सीटच्या मध्ये सापडते. एकच पट्टा दोघांवरून घेतला तर बाळ पट्टा आणि आजी यांच्यामध्ये चेंगरते. पुढच्या सीटवर मांडीवर असेल तर एअरबॅग त्याच्यावर स्फोटासारखी उघडते. मागे तोंड असलेली खुर्चीही म्हणूनच चालू एअरबॅगसमोर कधी ठेवायची नसते. सँडर्स ज्याला चिरडणे म्हणत होते ते शब्दशः हे आहे.

‘आम्ही नाही का असेच वाढलो?’ हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. वाढलो, खरे आहे. पण तेव्हा शिवपुरीच्या रस्त्यावर गाड्या किती होत्या आणि त्या किती वेगाने धावत? शिवाय जे वाढले नाहीत ते हा प्रश्न विचारायला येत नाहीत. दुसरे उत्तर मिळते ते ‘शुभ बोला’ हे. नवी गाडी आणली की तिची पूजा होते, चाकांखाली लिंबू ठेवतात, हार घालतात. आणि त्याच आठवड्यात गाडी सीट कव्हर घालायला जाते. कव्हर ताणून बसवताना मागच्या पट्ट्यांची बकले कव्हराखाली दाबली जातात. ती बाहेर काढायला कव्हराला चीर द्यावी लागते आणि चीर दिली की कव्हर वाईट दिसते. म्हणून कोणी काढत नाही. ओळखीच्यांच्या गाडीत मागे बसलो की मी गादी आणि पाठीच्या फटीत हात घालून बकल शोधतो. बऱ्याचदा ते तिथे गाडलेलेच असते, त्यावर फॅक्टरीतले पातळ प्लॅस्टिकही तसेच. गाडीच्या किमतीत त्या पट्ट्याचे पैसे आपण मोजलेले असतात.

भारतातला कायदा समजून घेतला तर आपल्याला वाटते तितका तो नवा नाही, हे लक्षात येते. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. २५ मार्च १९९४ पासून बनणाऱ्या गाड्यांत पुढे पट्टे बसवणे कारखानदारांना बंधनकारक झाले, मागच्या सीटसाठी २००२ मध्ये. आणि १३८ व्या नियमात पट्टा कोणी लावायचा हे स्वच्छ लिहिले आहे: चालकाने, पुढे बसलेल्याने आणि मागे समोर तोंड करून बसलेल्यांनीही. ‘मागच्यांना बेल्टची सक्ती आता आली’ असे आपण म्हणतो तेव्हा जुन्या नियमाकडे वीस वर्षे केलेली डोळेझाक लपवत असतो.

ही डोळेझाक मराठी माणसाला दोनदा अगदी जवळून दिसली. ३ जून २०१४ रोजी गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. केंद्रात मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. चौकात दुसऱ्या गाडीची धडक बसली आणि बीडचा हा नेता गेला. ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. स्वतः डॉक्टर असलेले तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी, पट्टा असता तर ते वाचले असते, असे जाहीरपणे सांगितले. आणि ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले. मागचे दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, दगावले. त्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी जगातल्या उत्तम गाड्यांपैकी होती. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या प्रत्येकाला पट्टा सक्तीचा केला.

त्या एकाच वर्षी, २०२२ मध्ये, पट्टा न लावलेली १६,७१५ माणसे देशातल्या रस्त्यांवर मेली, असा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. त्यांत ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी, म्हणजे जवळपास निम्मे-निम्मे. पट्टा फक्त चालकालाच लागतो, या समजाला आकड्यांत कुठे आधार सापडत नाही.

मुलांचे नाव कायद्यात स्पष्टपणे आले ते २०१९ च्या दुरुस्तीत. १९४-ब हे कलम म्हणते की चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खुर्चीने सुरक्षित केलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड. १ सप्टेंबर २०१९ पासून देशात दुरुस्ती लागू झाली. मध्य प्रदेशासह काही राज्यांनी दंडाचे नवे आकडे लगेच लागू केले नाहीत. लोकांचा रोष नको म्हणून. दंड कमी असावा की जास्त यावर वाद होऊ शकतो, पण त्या सगळ्या गदारोळात चर्चा फक्त चालानच्या रकमेची झाली. मुलांचे कलम कुणाच्या लक्षातही आले नाही.

त्या कलमातला ‘किंवा’ मला खटकतो. पट्टा किंवा खुर्ची, दोन्ही सारखेच असल्यासारखे. चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला तर खांद्याचा भाग गळ्यावर येतो. त्याला तो टोचतो, म्हणून ते पाठीमागे ढकलते. कमरेचा भाग मोठ्या माणसात ज्या हाडांवर अडतो ती हाडे त्याच्यात अजून पुरती वाढलेली नसतात, म्हणून पट्टा सरकून मऊ पोटावर चढतो. ब्रिटनमध्ये १३५ सेंटिमीटर उंची किंवा बारा वर्षे यांतले जे आधी पुरे होईल तोवर मुलाला वेगळी सीट लागते. जर्मनीत ही उंची १५० आहे. आपल्या कायद्यात उंचीचा शब्द नाही. मुलाला खुर्ची कधीपर्यंत आणि नुसता पट्टा केव्हापासून, हे त्यात कुठेच लिहिलेले नाही. हा ‘किंवा’ काढून उंचीची रेघ आखावी, असे माझे ठाम मत आहे.

खुर्ची कशी असावी याचे आपले मानक मात्र आहे, एआयएस-०७२. ते युरोपच्या मानकाला धरून आहे आणि मुलाच्या वजनाप्रमाणे खुर्च्यांचे गट पाडते: दहा किलोपर्यंत, तेरा किलोपर्यंत, नऊ ते अठरा, पंधरा ते पंचवीस, बावीस ते छत्तीस. अशा चाचण्यांचे मोठे केंद्र पुण्यात आहे, वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या धडक-चाचण्यांच्या मूल्यांकनात गाडीला मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेचे वेगवेगळे तारे मिळतात. गाडी घेताना मुलांच्या तारांकनाची चौकशी करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. नव्या बहुतेक गाड्यांत मागच्या गादीच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, आयसोफिक्स नावाच्या. खुर्चीचे आकडे त्यांत ‘खट्’ करून बसतात. पट्टा ओवण्याची कटकट राहत नाही आणि चुकीची बसवण्याची शक्यता फार कमी होते. शोरूममध्ये सनरूफ उघडून दाखवतात, तेव्हा या कड्याही दाखवायला सांगाव्या.

याच काळात उलट्या दिशेचीही एक वस्तू बाजारात आली. पट्टा न लावता नुसती जीभ बकलात खुपसायची, म्हणजे गाडीची घंटी गप्प बसते. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांवर आदेश काढले, तेव्हा अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या. जीव वाचवण्यासाठी वाजणारी घंटी बंद करायला माणसे पैसे मोजत होती, हे वाचून मला खरोखर वाईट वाटले.

ग्वाल्हेरच्या चौकातला कॅमेरा पुढच्या काचेतून चालकाचा पट्टा पाहू शकतो. मागे आजीच्या मांडीवर कोण आहे ते त्याला दिसत नाही. हे काम पोलिसाच्या हातून होणार नाही, बालरोगतज्ज्ञाच्या हातून होऊ शकेल. सँडर्स डॉक्टर होते, अल्डमान डॉक्टर होते, स्टॅप डॉक्टर होता. लसीचे कार्ड हातात देताना ‘घरी कशातून नेताय?’ एवढे जर डॉक्टरांनी विचारले, तर आजी ते ऐकते. हवालदाराचे ऐकणार नाही, सुनेचे तर नाहीच.

आणि या शहरातली बहुतेक मुले मोटारीतून जातच नाहीत, हेही विसरून चालणार नाही. ती स्कूटरवर पुढे उभी असतात किंवा आईबाबांच्या मधे दबलेली असतात. त्यांच्यासाठीही नियम झाला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर होऊन वर्षभराने तो लागू झाला. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्याला त्याच्या मापाचे हेल्मेट आणि वेग ताशी ४० च्या आत. हा बांधायचा पट्टा जाकिटासारखा असतो, तो मुलाला घालायचा आणि त्याचे बंद चालकाने स्वतःच्या खांद्यांवरून घ्यायचे. मोटारीच्या खुर्चीपेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे. ग्वाल्हेरच्या रस्त्यावर तो घातलेले मूल मला अजून दिसलेले नाही.

खुर्ची महाग पडते ही तक्रार खरी आहे. चांगल्या खुर्चीला हजारो रुपये लागतात आणि मूल दोन-तीन वर्षांत तिच्यातून मोठे होते. पण आपल्याकडे पाळणा कुठे प्रत्येक बाळासाठी नवा घेतात? थोरल्या जावेकडचा धाकटीकडे येतो, तिच्याकडून नणंदेकडे जातो. खुर्चीही तशीच फिरवावी. फक्त घरातलीच घ्यावी, जिचा इतिहास माहीत आहे अशी. एकदा अपघातात सापडलेली खुर्ची बाहेरून धड दिसली तरी आतून तडकलेली असू शकते, ती कोणालाही देऊ नये. पट्टे विरलेले नसावेत. तळाशी वापराची मुदत किंवा बनवल्याची तारीख कोरलेली असते, ती वाचावी, कारण ग्वाल्हेरच्या मे महिन्यात बंद गाडीत तापून तापून प्लॅस्टिक ठिसूळ होते. माहितीचे पुस्तक खुर्चीच्या खिशातच ठेवून द्यावे, म्हणजे पुढच्या घरी ती बसवताना कोणाला अंदाजाने बसवावी लागणार नाही.